एकाच फोनवर फळा आणि वही: गोव्यातल्या मुलांना ऑनलाइन वर्गातून डिजिटल कौशल्यं शिकवताना

गणिताच्या ऑनलाइन वर्गात मुलाच्या समोर फोन असतो आणि मांडीवर वही. डिजिटल कौशल्यांच्या वर्गात ही सोय राहत नाही. शिक्षक दाखवणार त्याच फोनवर, आणि मुलाने करून बघायचं तेही त्याच फोनवर. गुगल मीटची, म्हणजे वर्ग ज्या ॲपवर भरतो त्याची, खिडकी उघडी ठेवली तर सराव करता येत नाही. सरावाला गेलं की शिक्षकाचा पडदा दिसेनासा होतो. बहुतेक वर्ग इथेच फसतात. चाळीस मिनिटं शिक्षक दाखवतो, मुलं बघतात, ‘कळलं ना?’ म्हटलं की सगळीकडून ‘होय टीचर’ येतं आणि दुसऱ्या दिवशी डाउनलोड केलेली फाईल एकालाही सापडत नाही.

खालची मांडणी या एका अडचणीभोवती केलेली आहे. ती पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी आहे. घरात एकच फोन, तोही वडिलांचा किंवा आईचा, आणि कॉम्प्युटर मिळालाच तर शाळेत आठवड्यातून एखादा तास, ही परिस्थिती गृहीत धरली आहे. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण, पेडणे या भागांतल्या वाड्यांवर ती सर्रास दिसते. शाळेचे शिक्षक, गावच्या वाचनालयाचे कार्यकर्ते किंवा मंडळाची कॉलेजात जाणारी पोरं, कुणीही हा वर्ग चालवू शकेल.

वेळ, तुकडी, परवानगी

गोव्यातल्या शाळा सकाळच्या. मुलं दोनच्या सुमाराला घरी मोकळी असतात, म्हणून दुपारी तीनचा वर्ग ठेवायचा मोह होतो. पण त्या वेळी फोन वेर्ण्याच्या नाहीतर कुंडईच्या कारखान्यात पाळीवर असतो. तो घरी येतो साडेसहा-सातला. त्यामुळे साडेसात ते आठ दहा ही चाळीस मिनिटं सोयीची. आठवड्यातून दोन दिवस पुरेत, मधे दोन दिवसांची मोकळीक ठेवावी. वार ठरवण्याआधी गावच्या देवळातल्या पालखीचा वार कोणता ते विचारून घ्या. त्या दिवशी वर्गात कुणी नसतं, आणि ते योग्यच आहे.

एका तुकडीत बारा मुलं. पंधरा चालतात, वीसांची तुकडी म्हणजे भाषण. प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं हवीत: एक शिकवणारा, दुसरा अडलेल्यांना हात देणारा. दुसरा माणूस सुरक्षिततेसाठीही लागतो. मुलांशी एकट्याने व्हिडिओ कॉल किंवा खासगी चॅट करायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी पालकांसमोर सांगावा.

झूमची फुकट बैठक चाळीस मिनिटांत बंद होते. गुगल मीटवर तिघांपेक्षा जास्त असले की फुकटात साठ मिनिटं मिळतात. वर्ग चाळीस मिनिटांचाच असला तरी मीट बरं, कारण शेवटच्या पाच मिनिटांत कुणाचा तरी प्रश्न उरलेला असतोच.

पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलेलं आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. एका पानावर चार गोष्टी लिहा: कोणती माहिती घेणार, वर्गाचं रेकॉर्डिंग होणार की नाही, मुलाचं काम कोण बघणार, माहिती कधी पुसणार. रेकॉर्डिंग शक्यतो करूच नये. चुकलेल्या मुलासाठी तीन मिनिटांचा वेगळा व्हिडिओ करून पाठवणं सोपं पडतं आणि त्यात दुसऱ्या कुणाच्या पोराचा चेहरा येत नाही.

व्हॉट्सॲपचा साधा ग्रुप केला की बारा घरांचे नंबर बारा घरांना दिसतात. कम्युनिटी करून तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये निरोप टाकले तर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका: ज्याने तुमचा नंबर साठवलेला नाही त्याला तो निरोप पोचतच नाही, आणि पोचला नाही हे तुम्हाला कळतही नाही.

पहिली भेट समोरासमोर

ऑनलाइन वर्गाची पहिली दीड तासाची बैठक ऑनलाइन घेऊ नये. शाळेत, पंचायतीच्या सभागृहात किंवा देवळाच्या मंडपात मुलांना फोनसकट बोलवा. पालक बरोबर असलेले उत्तम, कारण फोन त्यांचा आहे. या दीड तासात जे उरकतं त्याला ऑनलाइन तीन आठवडे लागतात.

आधी जागा. फोनमध्ये निदान दोन जीबी मोकळी जागा हवी. ती बहुधा नसते, कारण ‘शुभ सकाळ’ची चित्रं आणि लग्नाचे व्हिडिओ साठलेले असतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा, मग मॅनेज स्टोरेज असं गेलं की सगळ्यात मोठ्या फाईली वर दिसतात. पुसण्याआधी पालकाला विचारा; आजोबांचा शेवटचा फोटो त्यात असू शकतो. तिथेच खाली मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा.

मग खातं. भारतात स्वतःचं गुगल खातं काढायला १३ वर्षं पूर्ण लागतात. त्याखालच्या मुलाचं खातं पालकाच्या देखरेखीखाली फॅमिली लिंकमधून काढता येतं. जन्मसाल खोटं टाकून खातं उघडायचं नाही. तसं केलं तर डिजिटल शिक्षणाचा पहिलाच धडा खोटेपणाचा होतो. शाळेकडे गुगलची शिक्षणसंस्थांसाठीची मोफत सेवा असेल तर शाळेनेच मुलांना खाती द्यावीत, हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. काहीच नसेल तरी अडत नाही. फाईल, टायपिंग, शोध हे पहिले पाच आठवडे मुलाच्या खात्याशिवाय निभतात.

एका मोबाइल नंबरावर फार खाती पडताळता येत नाहीत. शिक्षकाने आपल्याच नंबरावर बारा खाती काढायला घेतली तर चौथ्या-पाचव्याला गुगल नकार देऊ लागतं. प्रत्येकाच्या घरचा नंबर वापरा. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ती वही आईकडे द्यायची. घरातल्या वहीतून पासवर्ड चोरीला जाण्यापेक्षा मूल तो विसरण्याची शक्यता कितीतरी जास्त.

शेवटी नाव. मीटमध्ये फोनच्या मालकाचं नाव दिसतं, आणि बारा मुलांच्या वर्गात चार ‘पप्पा’ आणि दोन ‘रेडमी’ हजर असतात. प्रत्येक मुलाला एक क्रमांक द्या, आणि हजेरीला ‘सात नंबर’ अशी हाक मारा. क्रमांक पुढे फाईलीच्या नावांतही उपयोगी पडतो.

शिक्षकाच्या टेबलावर

मुलं फोनवर शिकणार असतील तर शिक्षकाने फोनच दाखवला पाहिजे. लॅपटॉपवरचं क्रोम आणि फोनवरचं क्रोम वेगळं दिसतं. मुलाला ‘वर उजवीकडे’ सांगितलं तर त्याच्याकडे ती खूण दुसरीकडेच असू शकते. मीटमधून फोनचा पडदा शेअर करा आणि बोट कुठे पडतं ते दिसावं अशी व्यवस्था करा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, अबाउट फोन असं जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ‘शो टॅप्स’ चालू केलं की प्रत्येक स्पर्शाला पडद्यावर पांढरा ठिपका उमटतो. बाकी कुठल्याही पर्यायाला हात लावू नका. या एका ठिपक्याने समजावण्याचं निम्मं काम हलकं होतं.

वर्गाआधी फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर. पडदा शेअर केलेला असताना बँकेचा ओटीपी किंवा घरातला निरोप वरून सरकत येतो आणि बारा घरं तो वाचतात.

लॅपटॉप दाखवायचाच असेल तर संपूर्ण पडद्याऐवजी फक्त ती एक खिडकी शेअर करा आणि कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबत अक्षर १७५ ते २०० टक्के करा. पंधरा इंचांचा पडदा मुलाला सहा इंचांवर दिसतो, हे विसरायला होतं. विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये माउसचा बाणही मोठा आणि रंगीत करता येतो.

टायपिंगच्या वर्गात बोटं दिसायला हवीत. दुसरा जुना फोन कीबोर्डवर आडवा टांगा: पुस्तकांच्या दोन थप्प्या, वर स्टीलची लांब पट्टी, तिला रबराने बांधलेला फोन. तो मीटमध्ये वेगळा सदस्य म्हणून जोडा, पण त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. चालू राहिले तर एका खोलीत दोन फोन एकमेकांचं ऐकू लागतात आणि वर्गभर शिट्टी घुमते. भावंडं एकाच खोलीतून दोन फोनवर बसली तरी हेच होतं. एकाला इअरफोन द्यावा.

चाळीस मिनिटं कशी वापरायची

पाच मिनिटं हजेरी आणि मागचं काम. दहा मिनिटं दाखवणं. पंधरा मिनिटं करणं. दहा मिनिटं परत एकत्र बघणं. दाखवायचं दहा मिनिटांवर गेलं तर धडा दोन वर्गांत तोडा.

दाखवताना मुलांनी फोनला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. आणि करताना मीट बंद करायचं नाही. होमचं बटण दाबलं की मीटची खिडकी लहान होऊन कोपऱ्यात जाते आणि आवाज चालू राहतो. मूल दुसऱ्या ॲपमध्ये काम करतं आणि शिक्षक रेडिओसारखा कानात बोलत असतो. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर कधीकधी मीट मागच्या मागे बंद पडतं. अशा मुलांसाठी त्या दिवसाच्या पायऱ्यांचे चार स्क्रीनशॉट आधीच पाठवून ठेवा आणि वहीत पायऱ्या उतरवून घ्यायला सांगा. वही इथे परत येते, आणि ती यावीच.

रेडिओवरचं बोलणं वेगळं असतं. एका वाक्यात एकच कृती, आणि प्रत्येक कृतीनंतर मुलाने पडद्यावरून काहीतरी वाचून दाखवायचं.

‘वर उजवीकडे तीन टिंबं आहेत. सापडली?’
‘होय टीचर.’
‘दाब. यादी उघडली?’
‘होय टीचर.’
‘वरून तिसरं नाव वाचून दाखव बघू.’
‘…टीचर, माझ्याकडे यादी नाही.’

पहिले दोन ‘होय’ काही सांगत नाहीत. तिसऱ्या प्रश्नाला कळलं की मूल दुसऱ्याच पानावर आहे. म्हणून ‘कळलं का?’ हा प्रश्न वर्गातून हद्दपार करावा आणि त्याच्या जागी ‘आता काय दिसतं?’ ठेवावा.

भाषेचं आधी ठरवून टाका. गोव्यातलं मराठी माध्यमाचं मूल चौथीपर्यंत मराठीत शिकतं आणि पाचवीला इंग्रजी शाळेत जातं, घरी बोलतं कोंकणी. बोलणं त्याला सोपं वाटेल त्या भाषेत व्हावं, पण सर्व फोनच्या पडद्याची भाषा एकच, इंग्रजी, ठेवावी. एकाच्या फोनवर हिंदी आणि दुसऱ्याच्या मराठी पाट्या असल्या की शिक्षकाचं कुठलंच वाक्य सगळ्यांना लागू पडत नाही. खुणांना मात्र मराठी नावं द्या: तीन टिंबं, दातेरी चाक, भिंग, कागदी विमान. आठवड्यात ती वर्गाची बोली होते.

डेटाचा हिशेब पालकांना आधी सांगावा. कॅमेरे चालू ठेवून तासाभराच्या वर्गाला साधारण अर्धा ते एक जीबी जातो, आणि घरी रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर रात्री बाबांची बातमी बंद. मुलांचे कॅमेरे हजेरीपुरते चालू, मग बंद.

फाईल: इथे दोन आठवडे द्या

कॉम्प्युटरचे भाग, व्याख्या, पिढ्या यांनी सुरुवात करायची पद्धत आहे. ती सोडून द्या. रील बघणाऱ्या, फोन सफाईने चालवणाऱ्या मुलाला ज्याची गंधवार्ता नसते ती गोष्ट म्हणजे फाईल. त्याच्या लेखी फोटो ‘गॅलरीत’ असतो आणि पीडीएफ ‘व्हॉट्सॲपवर’. वस्तू एका ठिकाणी ठेवलेली असते, तिला नाव असतं, ती हलवता येते, ही कल्पनाच नसते. शाळांमध्ये सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्सची केअर्स योजना आहे. तिथेही मुलाने केलेला प्रकल्प पुढच्या तासाला सापडला नाही तर कोडिंग बाजूला राहतं.

पहिला धडा असा. मुलाने परसातल्या एका झाडाचा फोटो काढायचा, फणस, जास्वंद, काहीही. ‘फाइल्स’ ॲप उघडून तो फोटो शोधायचा. त्याचं नाव बघायचं: आकड्यांची लांब माळ. ते बदलून ‘०७_फणस’ करायचं. ‘डाउनलोड्स’मध्ये ‘वर्ग’ नावाचं फोल्डर करायचं, त्यात फोटो हलवायचा. कॉपी आणि मूव्ह यांतला फरक इथेच दाखवा: कॉपी केल्यावर फणस दोन ठिकाणी, मूव्ह केल्यावर एकाच.

आता तो फोटो शिक्षकाला व्हॉट्सॲपवर दोनदा पाठवायचा. एकदा फोटो म्हणून, एकदा पेपरपिन दाबून डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलेला दाबून लहान होतो आणि समोरच्या फोनवर ‘आयएमजी’ने सुरू होणारं, शेवटी ‘डब्ल्यूए’ आणि आकडे असलेलं नवं नाव घेतो; ‘०७_फणस’ हरवतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला मूळ नावाने आणि मूळ आकारात पोचतो. दोन्ही फोटो शिक्षकाने पडद्यावर शेजारी ठेवून मोठे करून दाखवावेत. पानाच्या शिरा एकात दिसतात, दुसऱ्यात पुसट होतात. फाईल म्हणजे काय ते मुलाला त्या मिनिटाला उमगतं.

दुसऱ्या आठवड्यात नेहमीची तक्रार घ्या: ‘टीचर, फाईल गेली!’ गेलेली फाईल तीन ठिकाणी असते: डाउनलोड्समध्ये, व्हॉट्सॲपच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये, किंवा ती मुळात उतरलीच नव्हती आणि नुसती उघडून पाहिली होती. तिन्ही प्रकार मुद्दाम घडवून आणा आणि शोधायला लावा. स्क्रीनशॉटही याच आठवड्यात: फोनवर पॉवर आणि आवाज कमीचं बटण एकदम; विंडोजवर विंडोजची कळ, शिफ्ट आणि एस. इथून पुढे प्रत्येक कामाचा पुरावा म्हणून स्क्रीनशॉट येणार आहे.

टायपिंग

फोनवर जीबोर्डच्या, म्हणजे गुगलच्या कीबोर्डच्या, सेटिंगमध्ये भाषा जोडताना मराठीचे प्रकार दिसतात. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा प्रकार मुलं लगेच पकडतात, पण ‘ळ’, ‘ण’ आणि जोडाक्षरांपाशी तो सुचवील ते शब्द स्वीकारायची सवय लागते. थेट देवनागरी कळांचा प्रकार आधी द्या. भाषा बदलायला पृथ्वीगोलाची कळ किंवा स्पेस दाबून धरणं.

शाळेच्या कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळांची प्रमाण मांडणी, शिकवावी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांशी उजव्या हाताला. पहिला शब्द ‘गोवा’: इंग्रजी कळांवर आय, ए, बी, ई. म्हणजे ग, ओ-ची मात्रा, व, काना. कळ दाबण्याचा क्रम उच्चाराचाच आहे, हे मुलाला सांगायलाही लागत नाही. ‘कमळ’साठी के, सी आणि शिफ्ट धरून एन. विंडोजमध्ये भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस.

एक जागा हटकून चुकते. ‘दुसऱ्या’ लिहायला साधा र, हलन्त आणि य दिला की ‘दुसर्या’ उमटतं. तिथे खाली टिंब असलेला ऱ लागतो. इनस्क्रिप्टवर तो शिफ्ट आणि जे या कळांवर आहे. ‘वाऱ्यावर’, ‘सुपाऱ्या’, ‘दऱ्या’ असे दहा शब्द एकदा लिहून घेतले की प्रश्न मिटतो.

रोज दहा मिनिटं, रविवारी अर्धा तास नव्हे. वेग मोजू नका, पहिला महिना फक्त खाली न बघता टाइप होतं का ते बघा.

शोध, आणि दोन तारखांचा प्रश्न

मुलांना शोधायला एकच प्रश्न द्या: गोवा राज्य कधी झालं? निम्मी मुलं १९ डिसेंबर १९६१ आणतील, काही ३० मे १९८७. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, पण उत्तर एकच आहे. १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्यानंतर दमण आणि दीवसह केंद्रशासित प्रदेश होता. १९८७ ला देशाचं पंचविसावं घटक राज्य झाला. एखादं मूल १६ जानेवारी १९६७ घेऊन येईल, तो जनमत कौलाचा दिवस. मग प्रत्येकाने सांगायचं की हे कुठल्या पानावर वाचलं, ते पान कुणाचं, आणि प्रश्नातला कुठला शब्द महत्त्वाचा होता.

शोधाच्या वर येणारं यंत्राने जुळवलेलं उत्तर, किंवा चॅटबॉटचं उत्तर, मुलं थेट उतरवतात. बंदी घालून ते थांबत नाही. नियम असा ठेवा: त्या उत्तराखालच्या दुव्यांपैकी एक उघडून तेच वाक्य तिथे सापडलं तरच वहीत लिहायचं.

शोध वडिलांच्या फोनवर होतो आहे हेही लक्षात असू द्या. क्रोम वडिलांच्या खात्याने उघडलेलं असतं, त्यात त्यांचे साठवलेले पासवर्ड आणि कार्डं असू शकतात. वर्गाचं काम इन्कॉग्निटो खिडकीत करायची सवय लावा आणि ती खिडकी काय लपवते, काय लपवत नाही, तेही सांगा. फोनमध्ये इतिहास राहत नाही, इतकंच. बाहेरच्यांना दिसायचं ते दिसतंच.

मेल आणि कागद

गावच्या जत्रेसाठी दोन दिवसांची रजा मागणारी मेल मुख्याध्यापकांना लिहायची, हा सराव. अर्थात प्रत्यक्षात ती शिक्षकालाच पाठवायची. हमखास होणारी चूक: सगळा मजकूर विषयाच्या ओळीत. दुसरी: ‘सोबत अर्ज जोडला आहे’ लिहून काहीच न जोडणं. उपाय एकच, आधी फाईल जोडा, मग मजकूर, पत्ता सगळ्यात शेवटी. जीमेलला जोडलेल्या फाईलींची मर्यादा २५ एमबी आहे. त्यापुढची फाईल ड्राइव्हचा दुवा म्हणून जाते, आणि दुव्याला परवानगी दिलेली नसेल तर समोरच्याला ती उघडता येत नाही.

गुगल डॉक्सचा धडा लवकर उरकतो. शीर्षक, परिच्छेद, एक चित्र, पीडीएफ करणं, एवढंच. रंगीत अक्षरांत मुलं आठवडा घालवतील, तो घालवू देऊ नका. कुणी घरचा जुना मराठी मजकूर आणून चिकटवला आणि इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसला, तर तो युनिकोडपूर्वीच्या (सगळ्या लिप्यांसाठीची आजची सामाईक पद्धत येण्याआधीच्या) फाँटमधला आहे. तो परत टाइप करणं हाच सोपा मार्ग.

शीट: माटोळीचा हिशेब

गुगल शीटचा हा धडा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी आला तर बहार. गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगून करतात ती माटोळी, तिचाच हिशेब मांडायचा. स्तंभ चार: वस्तू, नग, दर, रक्कम. ओळींत नारळ, निरफणस, चिबूड, केळ्यांचा घड. दर घरी विचारून आणायचे. नमुन्यासाठी नारळ ५ नग ४० ने, निरफणस २ नग ६० ने, चिबूड १ नग ८०, घड १ नग ३५०.

डी२ या चौकटीत बरोबरचं चिन्ह, बी२, तारा (गुणाकाराची * खूण), सी२. एंटर. २०० आले. ती चौकट धरून खाली ओढली की बाकीच्या ओळी आपोआप भरतात: १२०, ८०, ३५०. खाली बेरजेचं सूत्र, ७५० रुपये. आता नारळाचा दर ४० चा ५० करायला सांगा आणि बाकी कशालाही हात न लावता खालचा आकडा बघायला लावा. ८०० होतो. वर्गात इथे हमखास कुणीतरी ‘परत करून बघू?’ विचारतं. करू द्या.

चुका दोन. दराच्या चौकटीत ‘४० रु.’ लिहिलं की तो आकडा न राहता मजकूर होतो, गुणाकाराच्या जागी त्रुटी दिसते. आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाकायचे. देवनागरी अंक मजकूर धरले जाण्याचा धोका असतो. बेरीज कमी दिसली तर चौकटीतला आकडा कुठल्या बाजूला चिकटला आहे ते बघा: संख्या उजवीकडे राहते, मजकूर डावीकडे.

सुरक्षा: वेगळा आठवडा असला तरी रोज एक मिनिट

मूल ज्या फोनवर शिकतं त्याच फोनवर घरची यूपीआय आहे. त्यामुळे हा धडा मुलापुरता राहत नाही. पाच निरोप तयार करा, मुलांनी प्रत्येकाला ‘थांब’ किंवा ‘चालेल’ म्हणायचं आणि कारण द्यायचं. ‘आज रात्री ९.३० ला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा.’ ‘लग्नाला या’ आणि सोबत पत्रिकेच्या नावाची एपीके फाईल. ‘तुम्हाला ५,००० रुपये मिळालेत, स्वीकारायला पिन टाका.’ शाळेचं खरं परिपत्रक. मावशीचा नव्या नंबरवरून पैशांसाठी आलेला निरोप.

एपीके म्हणजे ॲप बसवणारी फाईल, पत्रिका कधीच एपीके नसते. फाईलच्या आठवड्यात नावाचा शेवट वाचायला शिकलेलं मूल ते ओळखतं. पिनचं एकच वाक्य पाठ करून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करायचा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरत जातात. मुलाने चूक घरी सांगितली तर त्याला ओरडा बसणार नाही, हे पालकांच्या बैठकीत पालकांकडूनच कबूल करून घ्या. ओरड्याच्या भीतीने गेलेला एक तास सगळ्यात महाग पडतो.

पाऊस, वीज, रेंज

जूनमध्ये वर्ग सुरू केला की वीज जाणार हे धरूनच चालायचं. वीज गेली की वायफायचा राउटर बंद पडतो. फोनचा डेटा थोडा वेळ तगतो, टॉवरची बॅटरी उतरली की तोही जातो. विजांचा कडकडाट सुरू झाला की राउटर आणि चार्जर प्लगमधून काढायला सांगा आणि वर्ग सरळ बंद करा. कोविडच्या काळात रेंजसाठी डोंगरावर चढून बसलेली मुलं गोव्याने पाहिली आहेत. एका धड्यासाठी कुणाला पावसात बाहेर पाठवायचं कारण नाही.

त्यासाठी प्रत्येक वर्गाचा सुका जोड तयार ठेवा: तीन मिनिटांचा आवाजी निरोप, चार स्क्रीनशॉट, एक काम. सगळं मिळून एक-दोन एमबी. दुपारी पाचलाच पाठवून द्या. शिक्षक पावणेआठपर्यंत दिसला नाही तर मुलांनी सुका जोड उघडायचा, विचारायचं नाही. चवथीच्या सुट्टीत हाच जोड चालतो. त्या आठवड्यात थेट वर्ग ठेवलात तर समोर दोन मुलं आणि मागे घुमट या वाद्यावरची आरती असेल.

शेवटची परीक्षा

दहाव्या आठवड्यात शिकवायचं काही नाही. एक निरोप जातो: वाड्यावरच्या सफाईची मराठीत एका पानाची सूचना तयार करा, तिच्यात स्वतः काढलेला एक फोटो घाला, पीडीएफ करा, फाईलला तुमचा क्रमांक आणि नाव द्या, शनिवारी आठपर्यंत मेलने पाठवा. पायऱ्या सांगायच्या नाहीत. अडलं तर आधी वही, मग वर्गमित्र, मग शिक्षक.

तपासताना पाचच गोष्टी बघा: फाईल पोचली, उघडली, नाव बरोबर, मेलला विषय आहे, ‘ऱ्य’ नीट उमटला. पाचपैकी चार झाल्या तर मूल पुढे सरकलं. फाईलच पोचली नाही अशी दोन-तीन मुलं प्रत्येक तुकडीत निघतात. त्यांना परत समोरासमोर बोलवा, फोनसकट, आणि फणसाच्या फोटोपासून सुरू करा.